शेवटच्या टेबलावरच्या निशिगंधाताई

माझ्या आयुष्यात माझ्या सगळ्यात जास्त चुका कुणी काढल्या असतील, तर त्या निशिगंधा आंबेरकर यांनी. बायकोचा नंबर दुसरा, आणि तोही बराच मागे. गेली सतरा वर्षं आम्ही एकाच ऑफिसात आहोत. मी प्रोग्रॅम लिहितो आणि त्या तो तपासतात. आमच्या धंद्यात या कामाला टेस्टिंग म्हणतात आणि करणाऱ्याला टेस्टर.

ठाण्याच्या नौपाड्यात एका चष्म्याच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आमची कंपनी आहे. कंपनी म्हणजे एकोणीस माणसं. हॉस्पिटलं, दवाखाने, रक्त तपासणाऱ्या लॅब, यांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. मालकांना सगळे भाऊ म्हणतात, अगदी त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा.

निशिगंधाताई इथे आल्या १९९९ साली. तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या. कल्याणच्या कॉलेजातून संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या, लग्न होऊन कल्याणमध्येच चिकणघरात राहायला आलेल्या. त्यांना घेतलं होतं डेटा एन्ट्रीसाठी. एका हॉस्पिटलची जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवायची, एवढंच काम. नवव्या दिवशी त्या भाऊंच्या केबिनच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, आपलं सॉफ्टवेअर एकतीस फेब्रुवारी ही जन्मतारीख घेतंय."

भाऊ म्हणाले, "अशी कोण टाकेल?"

"मी टाकून बघितली. आणि काल एका सदूभाऊंना बाळंतिणींच्या वॉर्डात भरती केलं. तेही घेतलं."

भाऊंनी दोन मिनिटं विचार केला. मग म्हणाले, "उद्यापासून एन्ट्री करू नका. फक्त असं शोधत बसा."

तो 'उद्यापासून' पुढे पंचवीस वर्षं चालला.

माझी कंपनीत सुरुवात झाली तेव्हा काम करायची पद्धत ठरलेली होती. आधी आमची दोन माणसं हॉस्पिटलात जायची, सगळ्यांना प्रश्न विचारायची आणि दोन-तीन महिने बसून एक जाडजूड डॉक्युमेंट तयार करायची. काय काय हवं, कुठल्या स्क्रीनवर कुठलं बटण, सगळं त्यात. हॉस्पिटलवाले शेवटच्या पानावर सही करायचे. सही झाली की तो शब्द पक्का. मग आराखडा, मग आम्ही प्रोग्रॅम लिहिणार, मग टेस्टिंग, मग माल पोचवायचा. एक पायरी संपल्याशिवाय दुसरी नाही आणि उतरलेली पायरी परत चढायची नाही. म्हणूनच या पद्धतीला वॉटरफॉल म्हणतात. धबधब्याचं पाणी परत वर जात नाही.

या सगळ्यात टेस्टिंग शेवटी. निशिगंधाताईंचं टेबलही शेवटचं, मागच्या खिडकीजवळ, पाण्याच्या फिल्टरच्या बाजूला. लग्नात शेवटच्या पंगतीला बसणाऱ्यांचं जे होतं ते त्यांचं व्हायचं. डॉक्युमेंटला दहा दिवस जास्त लागले, आम्हाला पंधरा दिवस जास्त लागले, पण माल द्यायची तारीख काही हलायची नाही. मग ताईंना ठरलेल्या सहा आठवड्यांतले अडीच उरायचे. आणि त्या अडीच आठवड्यांत त्या दोनशे चुका काढायच्या. चुका आमच्या असायच्या, पण तोंड वाकडं व्हायचं ते त्यांच्या नावाने.

त्यांची चूक कळवायची एक रीत होती. कुणाला फोन नाही, ओरडणं नाही. एक छोटा ईमेल यायचा. 'पान ११४ वर रक्तगट भरणे बंधनकारक आहे असे म्हटले आहे. इथे रक्तगट न भरताही पुढे जाता येते. कृपया पाहावे.' त्या 'कृपया पाहावे'पेक्षा शिव्या परवडल्या.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. तीनशे पानांचं ते डॉक्युमेंट पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी आमच्या कंपनीत एकच व्यक्ती होती. लिहिणाऱ्या दोघांनी आपापला अर्धा भाग वाचलेला असायचा. मी माझी पानं वाचायचो. सही करणारे डॉक्टर फक्त सहीचं पान बघायचे. ताई मात्र त्याला स्पायरल बाइंडिंग करून आणायच्या, पट्टी आणि पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ वाचायच्या. डॉक्युमेंट हा त्यांचा आधार होता. त्यात लिहिलंय तसं झालं तर बरोबर, नाही तर चूक. त्यात त्यांना समाधान होतं, आणि ते लपवायच्याही नाहीत.

मग सातारा जिल्ह्यातल्या एका हॉस्पिटलचं काम आलं. चौदा महिने चाललं. ताईंनी सहाशे अकरा तपासण्या केल्या आणि शेवटी सगळ्याच्या सगळ्या पास झाल्या. असं याआधी कधी झालं नव्हतं. भाऊंनी पेढे आणले. आमची माणसं सॉफ्टवेअर घेऊन तिकडे गेली आणि तिसऱ्या दिवशी परत आली. हॉस्पिटल म्हणालं, हे आमच्या कामाचं नाही. चौदा महिन्यांत त्यांनी नवीन विंग बांधली होती, नंबर फोनवर द्यायला सुरुवात केली होती, ज्यांनी आमच्या प्रश्नांना उत्तरं दिली होती ते मेट्रन आणि मॅनेजर दोघंही सोडून गेले होते. आम्ही अगदी बिनचूक बनवलं होतं, पण सव्वा वर्षापूर्वीच्या हॉस्पिटलसाठी.

ताई त्या दिवशी डबा न खाता बसल्या होत्या. मी म्हटलं, "ताई, यात तुमचं काय चुकलं? सगळं डॉक्युमेंटप्रमाणे होतं."

"तेच तर," त्या म्हणाल्या. "पास मी केलं ना रे प्रफुल्ल. सहाशे अकरा वेळा 'बरोबर' लिहिलं मी."

त्यानंतर दोन महिन्यांत भाऊंनी दिशाला आणलं. दिशा डोंबिवलीची, एकोणतीस वर्षांची. आधी ऐरोलीच्या एका मोठ्या कंपनीत होती. भराभर बोलायची, भराभर चालायची. पहिल्याच दिवशी तिने एका भिंतीवरची कॅलेंडरं काढून तिथे पांढरा बोर्ड लावला आणि रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या. म्हणाली, "आता आपण अ‍ॅजाइल पद्धतीने काम करायचं. मोठं डॉक्युमेंट नाही. काम छोट्या तुकड्यांत. दर दोन आठवड्यांनी एक तुकडा पूर्ण करायचा, ज्याच्यासाठी बनवतोय त्याला दाखवायचा, तो सांगेल ते बदलायचं, पुढचा तुकडा घ्यायचा. आणि रोज सकाळी दहा वाजता सगळ्यांनी पंधरा मिनिटं उभं राहून बोलायचं. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय."

"उभं राहून का?" कुणीतरी विचारलं.

"बसलं की तासभर लागतो."

हे खरं होतं, त्यामुळे कुणी वाद घातला नाही.

पहिलं काम मिळालं ते विठ्ठलवाडी स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या एका डायलिसिस सेंटरचं. एक ट्रस्ट ते चालवतो. अकरा मशीन, दिवसाच्या तीन पाळ्या. पेशंटला आठवड्यातून तीनदा यावं लागतं आणि दर वेळी चार तास मशीनला जोडून बसावं लागतं. कुणी कधी यायचं, कुठल्या खुर्चीवर बसायचं, हे सगळं तिथल्या जया सिस्टर एका फळ्यावर खडूने लिहून सांभाळायच्या. ते वेळापत्रक आम्हाला सॉफ्टवेअरमध्ये आणायचं होतं.

पहिल्या आठवड्यात ताई दिशाच्या टेबलाशी गेल्या. "डॉक्युमेंट कधी मिळेल?"

"ताई, डॉक्युमेंट नाहीये. ह्या चिठ्ठ्या आहेत."

ताईंनी एक चिठ्ठी वाचली. तिच्यावर लिहिलं होतं, 'सिस्टर म्हणून मला उद्याच्या सगळ्या पेशंटची यादी एका स्क्रीनवर दिसायला हवी.' त्यांनी चिठ्ठीची मागची बाजूही बघितली. कोरी होती.

"अगं, मग मी तपासू कशाशी ताडून? बरोबर काय ते कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाहीये. जया सिस्टरना माहितीये. त्यांनाच विचारू या ना."

ताई चिठ्ठी परत लावून जागेवर गेल्या. पुढचे आठ-दहा दिवस त्या नुसत्या ओढल्यासारख्या यायच्या. सकाळच्या पंधरा मिनिटांत त्यांची पाळी आली की म्हणायच्या, "काल वाट पाहिली. आज वाट पाहणार आहे." आम्ही हसायचो, त्या हसायच्या नाहीत. एकदा जिना उतरताना मला म्हणाल्या, "अठ्ठेचाळीस संपलं मला. नवीन शिकायला ना नाही, पण पायाखाली काहीतरी हवं ना." पहिल्यांदाच त्यांनी नोकरी सोडायची भाषा केली. घरी यजमानांशी बोलणं झालं होतं म्हणे.

दोन आठवडे झाले. पहिला तुकडा दाखवायला दिशा, ताई आणि मी विठ्ठलवाडीला गेलो. मी लॅपटॉप उघडून स्क्रीन दाखवली. जया सिस्टर जाडजूड बाई, आवाज सगळ्या हॉलला पुरेल असा. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "छान आहे. पण माझा फळा याच्यापेक्षा बरा आहे."

"का हो?" दिशाने विचारलं.

"ते मला सांगता नाही यायचं. बरा आहे एवढं खरं."

दिशा पुढचे प्रश्न विचारत राहिली. ताई मात्र उठून हॉलमध्ये एका रिकाम्या स्टुलावर जाऊन बसल्या. दुपारची पाळी सुरू होत होती. एक म्हातारी बाई आल्या, आवडाबाई. मलंगगडाच्या वाटेवरच्या गावातल्या, हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. मुलगा त्यांना रिक्षाने आणून सोडायचा. नवीन टेक्निशियनने त्यांना चार नंबरची खुर्ची दाखवली. आवडाबाई जागच्या हलेनात.

"आगं बाय, मना ती खुर्ची नको. माजा हात या अंगाला, न् मशीन त्या अंगाला. चार तास हात कसा ठेवू मी?"

जया सिस्टर तिथूनच ओरडल्या, "अगं, त्यांना सहा नंबर दे!"

ताई आवडाबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या आणि विचारायला लागल्या. डायलिसिससाठी एका हातात ऑपरेशन करून नस तयार केलेली असते, सुया तिथेच टोचतात. कुणाची डाव्या हातात, कुणाची उजव्या. चार आणि नऊ नंबरच्या खुर्च्या भिंतीला लागून होत्या, तिथे मशीन फक्त डाव्या बाजूलाच उभं राहायचं. उजव्या हाताच्या पेशंटला तिथे बसवताच येत नव्हतं. जया सिस्टर फळ्यावर उजव्या हाताच्या माणसाचं नाव जरा तिरकं लिहायच्या. त्यांनाही हे सांगायचं सुचलं नव्हतं, हाताला सवय झालेली.

ताई परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. "सिस्टर, तुमचा फळा का बरा ते कळलं मला," त्या म्हणाल्या.

पुढच्या दोन आठवड्यांत मी ते घातलं. पेशंटचा हात कुठला, खुर्चीची बाजू कुठली, जुळत नसेल तर ती खुर्ची दिसणारच नाही. दुसऱ्या वेळी दाखवलं तेव्हा जया सिस्टर नुसतं बटण दाबत बसल्या. पंधरा मिनिटं. मग म्हणाल्या, "चहा घेणार ना?"

परत येताना ताई मला म्हणाल्या, "आपल्या जुन्या पद्धतीत काय झालं असतं, सांग."

मला माहीत होतं. वर्षभराने माल पोचवल्यावर हे कळलं असतं. मग बदलाचा फॉर्म, त्याच्यावर मीटिंग, दोघांच्या सह्या, आणि आणखी तीन महिने. तोवर आवडाबाई सॉफ्टवेअरने दिलेल्या खुर्चीवर हात मुरगळून बसल्या असत्या.

"पंधरा दिवसांत झालं रे," ताई म्हणाल्या. "आणि मी सुरुवातीलाच होते तिथे. शेवटी नाही."

तेव्हापासून त्या दर बुधवारी विठ्ठलवाडीला जायला लागल्या. सकाळच्या उभ्या बैठकीत त्यांच्याकडे आता सगळ्यांत जास्त सांगण्यासारखं असायचं. मी प्रोग्रॅम लिहायला बसायच्या आधीच त्या यायच्या आणि विचारायच्या, "पेशंट आलाच नाही तर? दोघं एकदम आले तर? वीज गेली तर?" आधी मला हे कटकट वाटायचं. मग लक्षात आलं की पूर्वी हेच प्रश्न मला चार महिन्यांनी ईमेलवर यायचे, तेव्हा सगळी भिंत बांधून झालेली असायची.

पण सगळं गोडच झालं असं नाही. पाचव्या तुकड्याच्या वेळी एक गोंधळ झाला. पेशंट उशिरा आला तर त्याची जागा किती वेळ राखून ठेवायची, हा प्रश्न होता. जया सिस्टर म्हणाल्या अर्धा तास. सकाळच्या पाळीच्या सिस्टर म्हणाल्या, आम्ही तर पाऊण तास सांगितलेलं. दिशाला आठवत होतं की मध्ये एकदा बदललं होतं. आणि मी प्रोग्रॅममध्ये चक्क एक तास घातला होता. का, ते मलाच आठवेना. सगळं बोलण्याबोलण्यात ठरलेलं. चिठ्ठ्या तर काम झाल्यावर फेकून दिलेल्या.

दुसऱ्या दिवशी ताईंनी एक एकेरी शंभर पानी वही आणली. तिच्यावर लिहिलं, 'ठरलं ते'. एका ओळीत एक नियम, समोर तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव. नियम बदलला तर जुन्यावर एक रेघ, खाली नवा.

दिशाने वही बघून कपाळाला हात लावला. "ताई, परत डॉक्युमेंट?"

"डॉक्युमेंट नाही गं. वही आहे. तुझ्या चिठ्ठ्यांना त्रास देणार नाही ती."

महिन्याभरात दिशाच सगळ्यांत जास्त वेळा ती वही मागायला यायला लागली.

सात महिन्यांनी सेंटरवर प्रत्यक्ष सुरू करायची वेळ आली. भाऊंनी ट्रस्टला सोमवारची तारीख दिली होती. त्याआधीच्या गुरुवारी आम्ही सगळे बोर्डासमोर बसलो होतो. सुरुवात करायला पुरेसं सगळं तयार होतं. उरलेल्या चिठ्ठ्या पुढच्या तुकड्यात घ्यायच्या होत्या. त्यातली एक ताईंनी काढून हातात धरली.

काही पेशंटना रक्तातून पसरणारी कावीळ असते. त्यांच्यासाठी दोन मशीन वेगळ्या खोलीत ठेवलेली असतात. त्यांना बाहेरच्या मशीनवर बसवायचं नाही आणि त्या दोन मशीनवर दुसऱ्या कुणाला बसवायचं नाही. तिथे चूक झाली तर रोग दुसऱ्याला जाऊ शकतो. हा नियम सॉफ्टवेअरमध्ये अजून आला नव्हता.

"हे झाल्याशिवाय सोमवारी सुरू करायचं नाही," ताई म्हणाल्या.

दिशा म्हणाली, "ताई, पुढच्या दोन आठवड्यांत घेतोच आहोत ना. तोपर्यंत सिस्टर स्वतः बघतील. आजही त्याच बघतात."

"आज त्या फळा बघतात. सोमवारपासून स्क्रीन बघतील. स्क्रीनने खुर्ची मोकळी दाखवली की माणूस विचार करत नाही. मी पंचवीस वर्षं बघतेय."

"पण अ‍ॅजाइलचा मुद्दाच हा आहे की थोडं थोडं..."

"बाकी सगळं थोडं थोडं कर. मला आवडतं ते, मी काही नाही म्हणते का? पण हे थोडं थोडं करायचं नसतं, दिशा. अर्धं झालेलं चालेल अशी ही गोष्ट नाही."

ताईंचा आवाज चढला नव्हता. भाऊ दारात येऊन उभे होते. ते दिशाकडे बघत होते. निर्णय तिचा होता.

दिशाने ती चिठ्ठी ताईंच्या हातातून घेतली, वाचली. मग म्हणाली, "किती दिवस लागतील?"

"बारा. पण माझ्या पद्धतीने."

"म्हणजे?"

"आधी सगळं लिहायचं. मग सही. मग प्रफुल्ल हात लावेल."

दिशा हसली. "ओके. ह्या एका चिठ्ठीपुरता धबधबा." आणि तिने भाऊंकडे वळून सांगितलं, "भाऊ, ट्रस्टला फोन मी करते."

ताई तीन दिवस सेंटरवर बसल्या. जया सिस्टर आणि तिथले डॉक्टर यांच्याकडून एकेक शक्यता काढून घेतली. रिपोर्ट जुना झालाय. रिपोर्ट यायचाय. पेशंट दुसऱ्या सेंटरमधून दोन दिवसांपुरता आलाय. वेगळ्या खोलीतलं मशीन बिघडलंय. अशा सव्वीस ओळी झाल्या. प्रत्येक ओळीपुढे काय करायचं ते, आणि खाली डॉक्टरांची सही. या वेळी डॉक्टरांनी सगळं वाचलं, कारण ताई वाचून होईपर्यंत समोरून उठल्या नाहीत.

मग ते मी लिहिलं आणि त्यांनी तपासलं. एकोणिसाव्या ओळीला त्यांनी मला बोलावलं. ईमेल नाही, हाक मारली.

"प्रफुल्ल, नवीन पेशंट टाकलाय. काविळीचा रिपोर्ट भरलेला नाही. बघ कुठली खुर्ची दिली."

बाहेरची दिली होती, दोन नंबरची.

मला लगेच कळलं. पहिल्याच महिन्यात पेशंटची माहिती भरायची स्क्रीन बनवताना मी त्या रकान्यात आपोआप 'नाही' पडेल असं ठेवलं होतं. काही विचार नव्हता त्यात. रकाना रिकामा दिसू नये म्हणून. कुणी भरलं नाही तर सॉफ्टवेअर धरून चालायचं की कावीळ नाही. सोमवारी सुरू केलं असतं तर हे तसंच गेलं असतं. आणि पुढे नुसता नियम घातला असता तरी या 'नाही'ने त्याला गुपचूप चकवलं असतं.

"रिकामं म्हणजे 'नाही' नव्हे रे," ताई म्हणाल्या. "रिकामं म्हणजे माहीत नाही."

मी लगेच माझ्या टेबलाकडे निघालो. त्यांनी फिल्टरमधून पेलाभर पाणी भरून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "बस. आत्ता सापडलंय, म्हणजे झालं नाहीये. कर दुरुस्त."

सेंटरवर सॉफ्टवेअर ठरल्यापेक्षा पंधरा दिवस उशिरा सुरू झालं. त्या दिवशी आम्ही सगळे तिथे गेलेलो. सकाळच्या पाळीचे नऊ आणि आतल्या खोलीतले दोन, अकराही पेशंट आपापल्या खुर्चीवर बसले. दुपारी एक नवीन पेशंट आला, रिपोर्ट सोबत नव्हता. सॉफ्टवेअरने खुर्ची दिलीच नाही, 'आधी रिपोर्ट' असं सांगितलं. जया सिस्टरनी त्यांच्या त्या आवाजात त्याच्या भावाला रिपोर्ट आणायला पिटाळलं आणि आमच्याकडे बघून एक डोळा बारीक केला. फळा मात्र त्यांनी आठवडाभर पुसला नाही. आठव्या दिवशी दिशाला फोटो आला. फळा पुसलेला आणि त्याच्यावर, पाण्याचं पथ्य सारखं मोडणाऱ्या आवडाबाईंसाठी मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'पाणी कमी प्या.'

याला आता वर्ष होऊन गेलं. आमच्याकडे पद्धत कुठली, असं कुणी नवीन माणूस विचारतो तेव्हा दिशा म्हणते अ‍ॅजाइल, भाऊ म्हणतात मिक्स. खरं सांगायचं तर चिठ्ठी बोर्डवर लावायच्या आधी ती निशिगंधाताईंच्या हातातून जाते. बहुतेक चिठ्ठ्या त्या तशाच परत देतात. महिन्या-दोन महिन्यांतून एखादी बाजूला काढतात आणि म्हणतात, "ही आधी लिहून काढू." दिशा वाद घालते, कधीकधी जिंकतेही. एकदा तर ताईंनी दोन चिठ्ठ्या बाजूला काढल्या आणि दिशाने दाखवून दिलं की एकीची काही गरज नाही, चुकलं तर दोन मिनिटांत बदलता येईल. ताईंनी ती लगेच परत केली. "बरोबर आहे तुझं," म्हणाल्या. त्यांना हरायला काही वाटत नाही.

गेल्या डिसेंबरात त्या पन्नाशीच्या झाल्या. भाऊंनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, टेस्टिंगच्या हेड होता का, नवी चार मुलं हाताखाली देतो, पुढच्या बाजूचं टेबल देतो. ताईंनी हेड व्हायला हो म्हटलं. टेबल नको म्हणाल्या, मागे खिडकीचा वारा येतो. आणि एक मागणी केली. आठवड्यातले दोन दिवस ऑफिसात बसायचं नाही, जिथे सॉफ्टवेअर चालणार तिथे जायचं, नव्या मुलांना घेऊन.

भाऊ म्हणाले, "तिथे जाऊन करणार काय रोज?"

"बसणार," ताई म्हणाल्या. "बघत."

सध्या आम्ही डोंबिवलीच्या एका डोळ्यांच्या दवाखान्याचं काम घेतलंय. परवा मी तिथे काही कामासाठी गेलो तेव्हा ताई बाहेरच्या बाकावर पेशंटांच्या रांगेत बसल्या होत्या. शेजारी आमची नवीन टेस्टर समृद्धी, वही मांडीवर. समोरच्या काउंटरवरची मुलगी नाव लिहून घेत होती, आणि दर चौथ्या माणसाला विचारत होती, "थेंब घातलेत का?"

मी विचारलं, "ताई, किती वेळ झाला?"

"दीड तास." त्या जरा सरकून मला जागा करून देत म्हणाल्या, "बस. थेंब घातलेल्यांचा नंबर वेगळा चालतो इथे. हे कुणी सांगितलंच नव्हतं आपल्याला."